नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: छोट्या सवयींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्या माणसांनी गेल्या काही वर्षांत लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या मोडलेल्या संकल्पांचा हिशेब पन्नाशीनंतर मांडला. काही गोष्टी वाचून कळल्या, बऱ्याचशा फजितीतून.

छोटी सुरुवात म्हणजे नेमकी किती छोटी?

तुमचा सगळ्यात वाईट दिवस आठवा. लोकल चुकलीय, घरी पोचायला साडेनऊ झालेत, गॅस संपलाय, मुलाला ताप आहे. त्या दिवशीही जे सहज होईल, ते तुमचं माप. आपण माप ठरवतो ते एक जानेवारीला किंवा पाडव्याला, अंगात उत्साह सळसळत असताना. तिथेच गणित चुकतं.

आपल्याकडे याचा नमुना कधीपासूनच आहे: शतपावली. नावातच माप आहे, शंभर पावलं. म्हणजे जेमतेम दीड मिनिट, हॉल ते बाल्कनी पाच-सात फेऱ्या. कपडे बदलायला नकोत, बूट नकोत, आणि कधी घालायची हेही विचारावं लागत नाही. हात धुतले की सुरू. ज्या कुणी ही पद्धत पाडली त्याला माणसाच्या आळसाची पक्की ओळख असणार. जेवल्यावर तीन मैल चाला असं सांगितलं असतं, तर तो शब्द आजपर्यंत टिकलाच नसता.

याच हिशेबानं वाचन म्हणजे एक पान. पेटी शिकताय तर खोक्यातून काढून एकदा सा ते सा, आरोह-अवरोह. खर्चाचा हिशेब म्हणजे एक ओळ. स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग हे संशोधक दातांतून दोरा फिरवायची सवय लावायची असेल तर एकाच दातापासून सुरुवात करा म्हणतात. ऐकायला चेष्टा वाटते. पण सगळे दात साफ करायचा संकल्प करून महिनाभर दोऱ्याची डबी न उघडणारे कितीतरी जण मी पाहिलेत, आणि त्यातला एक रोज आरशात दिसतो.

एका सूर्यनमस्कारानं काय होणार?

शरीराला, खरं सांगायचं तर, फारसं काही होणार नाही. पहिले दोन महिने तुम्ही व्यायामासाठी जागा धरताय. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. रुमालानं प्रवास होत नाही, पण रुमाल नसला तर पुढचे चार तास उभं राहावं लागतं.

शिवाय ‘थोडं केलं तर मोजण्यात येत नाही’ हा समजही आता जुना झालाय. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी त्यात एक अट होती: एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधून ती अट काढून टाकली. आता जिन्याचे दोन मजलेही त्या बेरजेत धरले जातात.

उलट टोकाचं उदाहरण दरवर्षी रथसप्तमीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बघायला मिळतं. वर्षभर अंग न हलवलेली मंडळी ईर्षेनं १०८ सूर्यनमस्कार घालतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणतात. पुढचा नमस्कार थेट पुढच्या रथसप्तमीला.

२१ दिवस सलग केलं की सवय लागते, हे खरं ना?

नाही. हा आकडा आला एका प्लास्टिक सर्जनकडून. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी सर्जननं १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला त्याच्या रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला, चेहराही गळाला, आणि उरला तो ‘२१ दिवसांत कोणतीही सवय’ हा मंत्र. तीन आठवडे हा आकडा विकायला फार सोयीचा आहे. शिबिरं त्यावरच चालतात.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा हालचाल यांतली एकेक साधी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी ग्लासभर पाणी, कुणी रात्रीच्या जेवणाआधी धावणं. बारा आठवडे ते रोज लिहून देत होते: आज केलं का, आणि करताना विचार करावा लागला का. गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंतचा काळ निघाला मधल्या माणसाला ६६ दिवस. पण मजा पुढे आहे. सगळ्यात लवकर जमलं त्याला १८ दिवस, सगळ्यात उशिरा २५४. अभ्यासच ८४ दिवसांचा होता, तेव्हा २५४ हा आकडा आलेखाची रेघ पुढे ओढून काढलेला अंदाज आहे.

आता लोक २१ च्या जागी ६६ चा जप करू लागलेत, तोही तितकाच निरर्थक. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायामाला त्याच्या दीडपट वेळ लागतो. तेव्हा २२ व्या दिवशी अजून जड वाटत असेल तर तुमच्यात काही खोट नाही.

सुरुवात कुठून करू? अलार्म लावू?

अलार्म लावायच्या आधी खुंटी शोधा. मी तिला खुंटी म्हणतो: तुमच्या दिवसात आधीपासून रोज, न चुकता होणारी एखादी गोष्ट. दात घासणं, पहिला चहा, कुकर लावणं, देवापुढे दिवा, दाराला कुलूप, मोबाइल चार्जिंगला लावणं. नवी सवय स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, ती या खुंटीला टांगायची.

माझ्या खर्चाच्या वहीचं सांगतो, कारण जमलेली पहिली गोष्ट तीच. आधी मी ‘रोज रात्री निवांत हिशेब लिहायचा’ असं ठरवलं होतं. रात्र निवांत कधीच नसते. वही कपाटात, पेन मुलीच्या दप्तरात, चष्मा कुठे ते देव जाणे. चार-पाच वेळा हे नाटक झाल्यावर मी वही स्वयंपाकघरात नेली आणि चहा-साखरेच्या डब्यांमध्ये उभी केली. पेन दोऱ्यानं वहीलाच बांधलं, जुन्या वाण्याच्या दुकानात असायचं तसं. संध्याकाळचं चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत तीनेक मिनिटं माणूस तसाही ओट्यापाशी उभा असतो. तेवढ्यात एक ओळ: ‘दूध ६२, कोथिंबीर १५, रिक्षा ३८.’ बेरीज नाही, वर्गवारी नाही. चहा उतू जायच्या आत वही जागेवर.

यात खुंटी होती आधणाचं पातेलं. ‘संध्याकाळी’ ही खुंटी होत नाही, ती फार ऐसपैस आहे. ‘वेळ मिळेल तेव्हा’ तर मुळीच नाही. खुंटीला नेमकी जागा आणि नेमका क्षण हवा: पातेलं गॅसवर चढलं, तो क्षण.

आणखी काही जुळलेल्या जोड्या: रक्तदाबाची गोळी चहाच्या कपाशेजारी. मानेचे व्यायाम कुकरच्या पहिल्या दोन शिट्ट्यांच्या मधे. इंग्रजीचे पाच शब्द लोकल दादर सोडते तेव्हा. परदेशातल्या मुलाला फोन, संध्याकाळचा दिवा लागल्यावर.

अलार्म लावायला हरकत नाही, पण तो आठवण करतो आणि बोट नकळत तो बंद करतं. काही दिवसांनी ‘अलार्म वाजला की बंद करणं’ हीच सवय पक्की होते.

माझ्यात इच्छाशक्तीच नाही. मला जमेल का?

जमेल. इच्छाशक्तीला आपण उगाच फार मोठं केलंय. सारा मिल्न आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा ब्रिटनमधला एक प्रयोग मला यासाठी आवडतो. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम न केल्यास हृदयाला काय धोके आहेत याची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती, आणि वर एक वाक्य पुरं करायला लावलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटात आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करणारे ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के, तिसऱ्यात ९१ टक्के.

मधला आकडा पुन्हा बघा. नुसतं पटवून देण्यानं काहीच हललं नाही. आपल्याला रोज सकाळी कौटुंबिक ग्रुपवर येणारे सुविचार याच मधल्या गटातले.

अर्थात हा एका आठवड्याचा प्रयोग होता, आयुष्यभराचा नव्हे. पण कधी आणि कुठे हे ठरवून लिहिण्यात फायदा आहे, हे पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आणि त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय.

पहाटे पाचला उठायलाच हवं का?

नाही. रात्री बाराला झोपणाऱ्यानं पाचला उठायचं ठरवलं तर ती एक सवय नसते, तीन असतात: लवकर जेवणं, लवकर झोपणं आणि मग उठणं. माझे पांढरे-निळे चालायचे बूट याच संकल्पातून आले. साडेतीन हजारांचे. नऊ दिवस पहाटे तलावाला फेऱ्या घातल्या. म्हणीत नऊच का असतात ते तेव्हा कळलं. पुढे दोन वर्षं ते बूट भाजी आणायला गेले.

एक दिवस खाडा पडला तर पहिल्यापासून सुरुवात करायची का?

अजिबात नाही. लॅलीच्या अभ्यासातही हे तपासलं होतं: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

खाडा हा शब्द मला मुद्दाम आवडतो. दूधवाल्याचे, कामवाल्या ताईंचे खाडे आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली मारून ठेवतो. महिन्याचे तीन खाडे झाले म्हणून कुणी दूध कायमचं बंद करत नाही. तेवढे पैसे वजा होतात आणि पहिल्या तारखेला रतीब पुढे चालू. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण एका फुलीवर सगळा रतीब तोडतो. ‘आता मोडलंच, तर होऊ दे.’ उपासाच्या दिवशी चुकून एक शेंगदाण्याची चिक्की तोंडात गेली आणि त्यात तीळ निघाले म्हणून मग दुपारी मिसळ खाणारा माझा एक मित्र आहे. तीळ उपासाला चालतात की नाही हा वाद आजही मिटलेला नाही, मिसळ मात्र पोटात गेली.

मी एकच नियम पाळतो: सलग दोन खाडे नकोत. आणि खाड्याच्या दुसऱ्या दिवशी कालची भरपाई करायची नाही. दोन पानांचं ओझं घेऊन बसलात की तिसऱ्या दिवशी तीन होतात, आणि मग पुस्तक उशाखाली ढकललं जातं.

गणपती, लग्नसराई, पाहुणे. दहा दिवस घर घरात नसतं. तेव्हा?

तेव्हासाठीच माप लहान ठेवलंय. तरीही कोकणात गावी गेलात तर ओटा तुमचा नाही, पातेलं तुमचं नाही, चहा काकू करते. खुंटीच नाही तर टांगणार कुठे? अशा वेळी निघण्याआधीच दुसरी खुंटी ठरवून जायची. मी गावी वहीची ओळ आरतीनंतर मोबाइलमध्ये लिहितो. नाहीच जमलं तर दहा दिवस सुट्टी जाहीर करायची आणि परतल्यावर पहिल्या चहाला पुन्हा सुरू. जाहीर केलेली सुट्टी आणि सुटलेली सवय यांत फार अंतर आहे. पहिलीला परतीची तारीख असते.

चातुर्मासाचा नेम आणि सवय एकच का?

हा प्रश्न माझ्या आईनं विचारला होता, काहीशा टोमण्यानं. ‘तुमचं ते नवीन शास्त्र, ते आम्ही आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत करतच होतो की.’

तिचं बरोबर होतं. नेमाची बांधणी बघा. गोष्ट लहान: तुळशीपुढे रांगोळीची गोपद्मं, किंवा पोथीचा एक अध्याय, किंवा पानात एक पदार्थ कमी. वेळ पक्की: अंघोळीनंतर, जेवणाआधी. साहित्य जागेवर: रांगोळीचा डबा वृंदावनापाशीच. शेजारपाजारच्या चौघी तेच करतायत, त्यामुळे विसरायची सोय नाही. आणि मुदत जवळपास १२० दिवस, म्हणजे लंडनच्या त्या ६६ ची जवळजवळ दुप्पट.

तरीही चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात पाचव्या महिन्यात कांद्याची भजी का होतात? कारण नेमाला शेवटची तारीख आहे, आणि सगळ्यांना ती पाठ आहे. त्याची खुंटी पंचांगात असते, आणि पान उलटलं की ती निघून जाते. सुरू होण्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून पोटभर कांदा खायचा, श्रावणाआधी गटारी साजरी करायची, ही मनाची तयारी ‘काही काळापुरतं आहे’ असंच सांगते. यात काही कमीपणा नाही, नेमाचा हेतूच वेगळा आहे. पण गोपद्मं काढणाऱ्या आईची दुसरी एक गोष्ट मात्र बारा महिने टिकली: त्या निमित्तानं सकाळी अंगणात येऊन ती पाच मिनिटं उन्हात बसायला लागली. कार्तिकीनंतर रांगोळी थांबली, उन्हात बसणं राहिलं.

मग वाढवायचं कधी? आयुष्यभर एकच पान वाचू?

तुम्ही ठरवून वाढवू नका, ते आपण होऊन वाढू दे. एक पान वाचून पुस्तक मिटवताना हात अडखळला, तर वाचा आणखी चार. पण ठरलेलं माप एकच पान राहू दे. आज दहा वाचली म्हणून उद्यापासून दहा असं केलंत, की वाईट दिवशी पंचाईत होणार.

माझी वही दीड वर्ष एका ओळीचीच होती. मग एका महिन्यात सहज पानं चाळताना दिसलं की रिक्षाचे आकडे फार वेळा येतात. बेरीज केली. स्टेशन ते घर, पंधरा मिनिटांच्या अंतरासाठी, महिन्याला बाराशेच्या पुढे. त्यानंतर मी संध्याकाळी चालत यायला लागलो, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. साडेतीन हजारांच्या बुटांनी जे झालं नाही ते वीस रुपयांच्या वहीनं झालं.

एका वेळी किती सवयी लावाव्यात?

एक. फार उत्साह असेल तर दोन, पण वेगवेगळ्या खुंट्यांवर. एका चहाला वही, गोळी, प्राणायाम आणि इंग्रजी शब्द टांगलेत तर चहाच कडू होतो.

वाईट सवय सोडायलाही हीच पद्धत चालते का? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

खोड जात नाही, पण तिची खुंटी काढून घेता येते. अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमागृहात लोकांना पॉपकॉर्न वाटले, काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. चांगले लागले म्हणून नव्हे. वाईट लागतायत असं त्यांनी स्वतःच सांगितलं. अंधार, खुर्ची, पडदा एवढ्यानंच हात चालत होता. तशीच सवय असलेली दुसरी मंडळी एका साध्या सभेच्या खोलीत मात्र शिळे पॉपकॉर्न कमी खात. आणि सिनेमागृहातच पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला लावलं, तेव्हाही खाणं कमी झालं.

म्हणजे वाईट सवयीशी लढताना तिच्या वाटेत थोडी अडचण पेरायची. फरसाणाचा डबा माळ्यावर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा. मोबाइलचा चार्जर उशाशी न ठेवता बैठकीच्या खोलीत. आमच्याकडे हे केल्यावर पहिले चार दिवस मी रात्री उठून बैठकीत जाऊन उभ्यानं फोन बघत होतो. पाचव्या दिवशी पाय दुखले.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट, दारू ही नुसती सवय नाही, व्यसन आहे. तिथे डबा माळ्यावर ठेवून भागत नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६, तिचा वापर करा. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती एका झटक्यात स्वतःच्या मनानं बंद करू नये. त्यानं झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. आधी डॉक्टर.

पैसे साठवायची सवय कशी लावू?

लावूच नका. ज्याची एकदाच व्यवस्था करून मोकळं होता येतं, त्याची रोजची सवय कशाला? पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. बँकेला एकदा सूचना देऊन ठेवली की पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होते. सवयी राखून ठेवा त्या कामांसाठी जी दुसरं कुणी तुमच्या वतीनं करू शकत नाही. बँक तुमच्या वतीनं चालायला जाणार नाही.

माझी शिफ्ट ड्युटी आहे. वेळ रोज बदलते.

घड्याळ सोडा, क्रम धरा. सकाळपाळी असो की रातपाळी, घरी आल्यावर चपला काढणं, हातपाय धुणं, डबा सिंकमध्ये टाकणं हे त्याच क्रमानं होतं. एका परिचारिका मैत्रिणीनं पाठीचे व्यायाम ‘गणवेश बदलल्यावर लगेच’ असे ठरवले. तिच्या आठवड्यात त्याची वेळ कधी दुपारी तीन असते, कधी सकाळी नऊ. गेली अडीच वर्षं चालू आहे.

घर बदललं आणि चालायची सवय सुटली. इतकी पक्की होती, मग कशी सुटली?

ती घराला बांधलेली होती म्हणून. वेंडी वूड यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांवर २००५ साली अभ्यास केला. व्यायाम, पेपर वाचणं, टीव्ही पाहणं यांपैकी ज्यांची जागा आणि परिस्थिती नव्या ठिकाणीही तशीच राहिली त्या सवयी टिकल्या, बाकीच्या ढासळल्या. तेव्हा नव्या घरात गेल्यावर पहिल्या आठवड्यात, सामान पूर्ण लागायच्या आधी, चपलांचा स्टँड कुठे आणि पाण्याची बाटली कुठे ते ठरवून टाका. आणि एखादी वाईट सवय सोडायची असेल तर बदलीसारखी संधी नाही. जुनी टपरी, जुना कट्टा, जुनी कंपनी मागे राहिलेली असते.

मुलांना सवयी कशा लावाव्यात?

सांगून लागत नाहीत, एवढं सगळ्या आईबापांना माहीत असतं, तरी आपण सांगतोच. पुन्हा तेच: जागा आणि क्रम. दप्तर ठेवायला दाराशी मुलाच्या उंचीवर हूक लावा. इथे खुंटी हा शब्द अगदी शब्दशः घ्या. आमच्याकडे हूक मोठ्यांच्या उंचीला होता तोवर दप्तर सोफ्यावरच पडायचं, आणि आम्ही मुलीला बेशिस्त म्हणायचो. स्क्रू दोन फूट खाली आणल्यावर ती शिस्तीची झाली.

बक्षीस अधूनमधून चालेल, पण प्रत्येक पानाला चॉकलेट नको. चॉकलेट संपलं की वाचन संपतं. खरं बक्षीस लगेच आणि बिनखर्चाचं हवं: ‘अरे वा, आज आठवण न करता?’ एवढं पुरतं. मोठ्यांनाही पुरतं, फक्त त्यांना कुणी म्हणत नाही.

घरचे हसतात. एक सूर्यनमस्कार घालून ‘व्यायाम झाला’ म्हटलं की चेष्टा होते.

होऊ द्या. मराठी घरात ‘आरंभशूर’ हा शब्द नव्या डायरीबरोबर फुकट मिळतो. माझा सल्ला, पहिले दोन महिने कुणाला सांगूच नका. घोषणा केली की अर्धं समाधान घोषणेतच मिळून जातं आणि वर रोज हिशेब द्यावा लागतो. आमच्या हिच्या लक्षात माझी वही आली ती सातव्या आठवड्यात, आणि तेही साखरेचा डबा शोधताना.

सवय लागली हे ओळखायचं कसं?

करताना कळत नाही. अडथळा आला की कळतं. मागच्या पावसाळ्यात मला ताप होता, संध्याकाळचा चहा हिनं केला आणि कप पलंगाशी आणून दिला. मी दोन घोट घेतले आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहिलं. दार बंद केलं का, गोळी घेतली का, सगळं आठवून झालं. शेवटी उठून ओट्यापाशी गेलो. डब्यांमध्ये वही उभी होती. दिवसभर एक पैसाही खर्च झालेला नव्हता. तारीख घातली, पुढे शून्य लिहिलं आणि पुन्हा येऊन पडलो.